उरलेला मातीचा गोळा

(स्मृतिव्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी या गावाला लघुपट पाहायची सवय लावली. चित्रपट मंडळाच्या खेळाला माणसं यायची ती मुख्य चित्रपटासाठी. सर त्याआधी दहा-बारा मिनिटांचं एखादं रीळ लावायचे, ते संपलं की दिवे लावायला सांगायचे आणि म्हणायचे, आता बोला. त्या काळी पूर्व युरोपातले लघुपट वकिलातींमार्फत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामार्फत फिल्म सोसायट्यांपर्यंत पोचत असत. मी आज अशाच एका लघुपटावर बोलणार आहे. खरं सांगायचं तर त्याच्या मधल्या तीन-चार मिनिटांवरच बोलणार आहे, कारण प्रेम कसं जमतं आणि कसं विरतं हे त्या तीन-चार मिनिटांइतकं स्वच्छ दाखवलेलं मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

लघुपटाचं नाव ‘संवादाच्या शक्यता’. इंग्रजीत तो ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ या नावानं ओळखला जातो. दिग्दर्शक यान श्वांकमायर. जन्म १९३४, प्राग. शिक्षण कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीचं. १९७० पासून चेकोस्लोव्हाकियातल्या अतिवास्तववादी गटाचे सदस्य. हा लघुपट त्यांनी १९८२ साली प्रागमध्ये केला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचं सुवर्ण अस्वल आणि ॲनेसीच्या ॲनिमेशन महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक, असे दोन्ही मान त्याला मिळाले. लांबी जेमतेम बारा मिनिटं. संगीत यान क्लुसाक यांचं, ॲनिमेशन व्लास्ता पोस्पिशिलोवा यांचं. चित्रपटाच्या नावात संवाद आहे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात कुणी एक शब्द बोलत नाही.

तीन भाग आहेत. पहिल्यात दोन डोकी समोरासमोर येतात. एक भाज्या-फळांचं, दुसरं स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांचं. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या प्राग दरबारासाठी आर्चिंबोल्दो नावाचा इटालियन चित्रकार फळा-फुलांची माणसं रंगवायचा, त्याच घराण्यातली ही डोकी. एक दुसऱ्याला गिळतं, चिरडतं, ओकून टाकतं. मग तिसरं येतं, कागद-पुस्तकांचं आणि लेखनसाहित्याचं. प्रत्येक फेरीत चोथा आणखी बारीक होत जातो, आणि शेवटी मातीची एकसारखी डोकी उरतात, जी एकमेकांसारखीच डोकी ओकत राहतात. या भागाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी पुढे जातो.

दुसरा भाग. एक टेबल. दोन बाजूंना मातीची दोन माणसं, एक पुरुष आणि एक स्त्री. अंगावर वस्त्र नाही, नाव नाही, मागे घर नाही. ती एकमेकांकडे पाहतात, हात टेबलावरून पुढे येतात, बोटं बोटांना लागतात. आणि बोटं जिथे लागतात तिथे माती मातीत मिसळते. चुंबनात ओठ कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले ते कळेनासं होतं. मग दोन्ही शरीरं एकमेकांत शिरतात. पडद्यावर आता माणसं उरलेली नाहीत, एकच हलती, उसळती माती आहे. तिच्यातून मध्येच एक हात वर येतो, एक पाठ, एक चेहरा, आणि पुन्हा आत जातो. मी पडद्यावर शृंगार पुष्कळ पाहिला आहे. दोन माणसांनी एक होणं हे शब्दशः दाखवूनही इतकं निर्मळ राहिलेलं दृश्य मला आठवत नाही.

मग माती पुन्हा दोन होते. स्त्री आपल्या जागी, पुरुष आपल्या जागी. दोघंही तृप्त दिसतात. फक्त टेबलावर, दोघांच्या मध्ये, मातीचा एक लहानसा गोळा उरला आहे.

हा गोळा जिवंत आहे. तो सरकतो, जवळ येतो, लक्ष वेधून घेऊ पाहतो. एक जण त्याला दुसऱ्याकडे ढकलतं, दुसरं परत ढकलतं. हळूहळू ढकलण्याचं फेकणं होतं. गोळा तोंडावर बसतो. मग हात थेट समोरच्याच्या चेहऱ्याकडे जातात, नखं मातीत रुततात, गालाचे लचके निघतात. ज्या हातांनी कुरवाळलं होतं तेच हे हात. काही क्षणांत दोन्ही शरीरं पुन्हा एकमेकांत मिसळून गेलेली असतात आणि पडद्यावर पुन्हा एकच उसळती माती असते. फरक इतकाच, की या वेळी तिच्यातून कुणी परत येत नाही.

एवढंच आहे. आता यात विशेष काय, ते सांगतो.

प्रेम संपण्याच्या ज्या गोष्टी आपण आजवर ऐकल्या आणि पाहिल्या, त्यात संपवणारा हात बहुतेक वेळा बाहेरचा असतो. ‘जैत रे जैत’मध्ये नाग्या आणि चिंधी यांच्यात मृत्यू येतो. ‘सैराट’मध्ये घरचेच येतात, आणि ते कसे येतात हे आपण विसरू शकत नाही. हे चित्रपट मोठे आहेत, आणि ‘सैराट’मधला तो बाहेरचा हात तर आपल्या समाजाचा खरा हात आहे, त्याच्याकडे बोट दाखवायलाच हवं होतं. पण बाहेरच्या हाताची गोष्ट सांगून झाल्यावर एक गोष्ट शिल्लक राहते. समजा कुणीही आलं नसतं. जात आली नसती, बाप आला नसता, आजार आला नसता. मग त्या दोघांचं काय झालं असतं? या प्रश्नाला आपल्या पडद्यानं फार थोड्या वेळा हात घातला आहे. ‘उंबरठा’ हा सन्माननीय अपवाद, आणि तोही १९८२ चाच. तिथे कुणी खलनायक नाही. सुलभा घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते, आणि ती पुन्हा निघते. पण तिथेही नात्याचं विरणं आपल्याला दिसत नाही. ती दूर असताना ते आपल्या नजरेआड घडून गेलेलं असतं. आपल्याला दिसतो तो परिणाम.

श्वांकमायर यांना बाहेरच्या हाताची गोष्ट सांगता येत नव्हती असं मुळीच नाही. त्यांचा ‘प्रेमातलं मांस’ हा जेमतेम एका मिनिटाचा लघुपट आहे, १९८९ चा. मांसाचे दोन तुकडे कापले जातात, एकमेकांना पाहतात, लाडीगोडी करतात, रेडिओच्या सुरावर नाचतात, पिठात लोळतात. आणि पिठात लोळल्यावर जे व्हायचं तेच होतं: काटा येतो आणि दोघं तव्यावर जातात. तो पाहताना काळजात चर्र होतं, पण प्रेमाला तिथे धक्का लागत नाही. ती दोघं प्रेमात असतानाच तळली जातात. मातीच्या माणसांच्या वाट्याला हे सुख नाही. त्यांच्याकडे काटा कुणीच आणत नाही.

प्रागच्याच आणखी एका लघुपटाची इथे आठवण होते. यिर्झी त्र्न्का हे चेक बाहुलीपटांचे आद्य गुरू. त्यांच्या १९६५ च्या ‘हात’ या लघुपटात एक साधा बाहुला आपल्या फुलझाडासाठी कुंडी घडवत असतो, आणि एक प्रचंड हात खोलीत शिरून त्याला कुंडीऐवजी हाताचाच पुतळा घडवायला भाग पाडतो. तो हात सत्तेचा आहे, हे तेव्हाही सगळ्यांना कळलं होतं. त्र्न्कांच्या बाहुल्यांचे चेहरे लाकडी. ते बदलत नाहीत. बाहुला दुःखात असला तरी बाहुला म्हणून शाबूत असतो. श्वांकमायर यांनी १७ वर्षांनी लाकूड सोडलं आणि माती घेतली, आणि मला वाटतं सगळा फरक तिथे पडला.

तंत्राबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या लघुपटाचा अर्थ त्याच्या तंत्रात आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. एकच मुद्रा दोन फ्रेमसाठी तशीच ठेवली तरी एका मिनिटाला ७२० मुद्रा लागतात. दर मुद्रेसाठी ॲनिमेटरला कॅमेऱ्यासमोर जाऊन मातीला हात लावावा लागतो, किंचित दाबावं लागतं, मागे यावं लागतं, एक फोटो घ्यावा लागतो, पुन्हा पुढे जावं लागतं. कागदावर काढलेल्या ॲनिमेशनमध्ये आधीचं चित्र शिल्लक राहतं. फाईलमध्ये ठेवता येतं, चुकलं तर परत काढता येतं. मातीत तसं नाही. दुसरी मुद्रा घडते ती पहिली मोडूनच. शाडूच्या मूर्तीचं नाक करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: नवं नाक आलं की जुनं नाक जगात कुठेच नसतं.

आता या नजरेनं त्या मिनिटांकडे पुन्हा पाहा. दोघं मिसळून एक गोळा झाली, त्या क्षणी ती आधीची दोन माणसं खरोखरच संपली. मिसळण्यानंतर जी दोन माणसं टेबलाशी बसलेली दिसतात ती परत आलेली नाहीत. ती नव्यानं घडवलेली आहेत, दोघांच्या एकत्र मातीतून. त्यांच्यातला कुठला कण मूळचा कुणाचा हे दिग्दर्शकालाही सांगता येणार नाही. आणि प्रेमात नेमकं हेच होत नाही का? काही वर्षं एकत्र काढलेली माणसं वेगळी होतात तेव्हा आपण म्हणतो, आता ती पुन्हा पूर्वीसारखी मोकळी. पूर्वीसारखं कुणी होत नाही. एकमेकांच्या सवयी, बोलण्याची ढब, चहाची वेळ, भांडणाची पद्धतसुद्धा अंगात मुरलेली असते. ज्याला ओरबाडायचं तो थोडा आपणच असतो. म्हणून त्या ओरबाडण्यात इतकी ताकद असते, आणि म्हणून ते पाहवत नाही.

स्पर्शाचा हा विचार श्वांकमायर यांना अचानक सुचलेला नव्हता. १९६८ च्या प्राग वसंतानंतर रशियन रणगाडे आले आणि देशातलं वातावरण आवळत गेलं. सत्तरच्या दशकात सुमारे सात वर्षं श्वांकमायर यांना चित्रपट करता आले नाहीत. त्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी स्पर्शावर प्रयोग केले. न पाहता, नुसत्या बोटांनी अनुभवायच्या वस्तू तयार केल्या, गटातल्या मित्रांना त्या हाताळायला दिल्या, काय काय जाणवलं ते लिहून घेतलं. त्यातून स्पर्श आणि कल्पनाशक्ती या विषयावर त्यांचं एक पुस्तक झालं; ते आधी मोजक्या प्रतींत हातोहात फिरलं आणि राजवट बदलल्यावर रीतसर छापलं गेलं. ज्या माणसाच्या हातातून कॅमेरा काढून घेतला होता, तो कॅमेऱ्याशी परत आला तेव्हा बोटांची भाषा शिकून आला होता. या चित्रपटातली माती आपण डोळ्यांनी पाहतो, पण ती जाणवते तळहाताला. पत्नी एवा श्वांकमायेरोवा स्वतः चित्रकार आणि अतिवास्तववादी गटातल्या. २००५ साली त्या जाईपर्यंत दोघांनी अनेक चित्रपटांत एकत्र काम केलं. प्रेमाच्या विनाशाची इतकी निष्ठुर प्रतिमा घडवणाऱ्या कलावंताचं स्वतःचं सहजीवन दीर्घ आणि फलदायी होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण असं काही पाहिलं की आपण लगेच दिग्दर्शकाच्या घरात डोकावायला जातो. तिथे काही सापडत नाही.

आता त्या गोळ्याकडे येऊ. पुष्कळ जण म्हणतात, ते मूल आहे. नको असलेलं, दोघांनीही नाकारलेलं मूल. हा अर्थ चूक नाही. गोळा ज्या पद्धतीनं जवळ येतो, लाडानं अंगाशी लागतो, त्यात मुलाची छटा नक्की आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर ज्यांना मूल नाही, ज्यांचं लग्न झालेलं नाही, त्यांच्या प्रेमाला हा चित्रपट लागू पडणार नाही, आणि तो पडतो हे मी कितीतरी तरुण प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. माझं मत असं, की गोळा म्हणजे दोघांनी मिळून निर्माण केलेलं, पण ज्याची जबाबदारी वाटून घेतलेली नाही असं काहीही. दिलेला एखादा शब्द. एकीनं सोडलेली नोकरी. एकत्र काढलेलं कर्ज. म्हाताऱ्या आईला कुणी पाहायचं हा प्रश्न. मीलनाच्या वेळी ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तेव्हा सगळंच दोघांचं असतं. वेगळं बसल्यावर दिसतं की हिशेबात थोडं उरलं आहे. आणि गोळा केवढासा आहे, हे पाहा. ओंजळीत मावेल इतका. दोघांपैकी कुणीही एकानं तो उचलून स्वतःत मिसळून घेतला असता तर तो दिसलाही नसता. माती तीच होती. जागा होती. अडचण मातीची नव्हतीच.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कुणाचं जमलेलं मोडलं की पहिला प्रश्न येतो तो चूक कुणाची हा. तिचं वागणं, त्याचं पिणं, सासूचं बोलणं. कथाचित्रपट या प्रश्नाला नाइलाजानं उत्तर देतो, कारण कथेला माणसं लागतात, माणसांना स्वभाव लागतो, आणि स्वभाव आला की दोषही आला. प्रयोगशील लघुपटाचं बळ मला इथे दिसतं. त्यानं नावं काढून टाकली, घर काढलं, बोलणं काढलं. पाहणाऱ्याला बाजू घ्यायला जागाच ठेवली नाही. आधी गोळा कुणी ढकलला हा मुद्दा तिथे उरत नाही. ज्यांना असे चित्रपट अवघड किंवा निर्जीव वाटतात त्यांना मी आदरानं सांगेन, की निवाडा करण्याची घाई काढून घेतल्यावर जे उरतं ते पाहण्याची ही संधी आहे.

माया डेरेन यांच्या १९४३ च्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’बद्दल एक-दोन वाक्यं बोललं पाहिजे, कारण तो धागाही प्रागला जातो. डेरेन यांनी तो चौदा मिनिटांचा चित्रपट पती अलेक्झांडर हामिद यांच्यासह लॉस एंजेलिसच्या स्वतःच्या घरात केला. हामिद मूळचे प्रागमध्ये घडलेले चित्रकर्मी. किल्ली, सुरी, फूल, पाव, जिना, या घरातल्याच वस्तू तिथे हळूहळू परक्या होत जातात. एका दुपारच्या झोपेत एका नात्याचा सगळा ताण येऊन जातो. चार वर्षांनी दोघं विभक्त झाले. प्रेमाचं विरणं घरातल्या वस्तूंत दाखवण्याची वाट डेरेन-हामिद यांनी उघडली. श्वांकमायर तिच्यावरून चालत वस्तूंच्याही खाली, निव्वळ मातीपर्यंत गेले.

तिसऱ्या भागाबद्दल थोडं. दोन वृद्ध डोकी टेबलावर. एकानं जिभेवर टूथब्रश काढला की दुसरं पेस्ट काढतं, बूट आला की नाडी येते, पावाला लोणी लागतं, पेन्सिलीला टोक येतं. सगळं सुरळीत. मग क्रम चुकतो. पेस्ट बुटावर जाते, नाडी पावाला गुंडाळली जाते, टोकयंत्र भलत्याच वस्तूचा भुगा करतं. शेवटी दोन्ही डोकी तडकून, जीभ बाहेर काढून धापा टाकत राहतात. पहिल्यांदा पाहताना या भागाला विनोदी समजून पुष्कळ हसलेले प्रेक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांचं हसणं मला पटतंही. पण मधल्या भागाच्या शेजारी ठेवला की तो वेगळा दिसतो. जी माणसं एकमेकांना फाडून टाकत नाहीत आणि वर्षानुवर्षं टेबलाशी बसून राहतात, त्यांची ही गोष्ट आहे. वस्तू त्याच, देण्याची तयारीही तीच, फक्त वेळ जुळेनाशी झाली आहे. मला विचाराल तर तीन भागांत सर्वांत करुण हाच.

सत्तेलाही यातलं काहीतरी बोचलं. चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट पक्षाच्या विचारप्रणाली समितीपुढे हा लघुपट काय होऊ देऊ नये याचा नमुना म्हणून दाखवला गेला. त्यात सरकारविरुद्ध एक अक्षर नाही, कारण अक्षरच नाही. पण संवाद झाला की सगळं जुळतं, या अधिकृत आशावादावर ज्यांचं राज्य उभं होतं, त्यांना संवादाचे तीन पराभव सहन होण्यासारखे नव्हते. एका टेबलाशी बसलेल्या दोन मातीच्या माणसांना एवढी मोठी सत्ता घाबरली, यातच त्या प्रतिमेचं खरेपण आहे.

या परंपरेशी आपला थेट संबंध आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. ओडिशातून आलेले प्रमोद पती पन्नासच्या दशकात प्रागला त्र्न्कांकडे बाहुली-ॲनिमेशन शिकले आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये काम करू लागले. ‘एक्सप्लोरर’, ‘ट्रिप’, ‘आबिद’ हे त्यांचे लघुपट सरकारी पैशानं, सरकारी कचेरीत तयार झाले, आणि आजही ते पाहताना त्यांची झेप चकित करते. ‘आबिद’मध्ये तर चित्रकार आबिद सुरती यांनाच त्यांनी फ्रेम-फ्रेम करून हलवलं. १९७५ मध्ये पती फार लवकर गेले. ते आणखी वीस वर्षं जगते तर मुंबईतून काय काय निघालं असतं, याची मला हळहळ वाटत आली आहे. पण पैसा नाही, स्टुडिओ नाही, परंपरा नाही, ही सबब मात्र आपल्याला उरत नाही. परंपरा आहे. आणि टेबल, दिवा, माती आणि मोबाइलचा कॅमेरा आज प्रत्येकाकडे आहे.

समोर चित्रपटाचं शिक्षण घेणारी मुलं-मुली बसली आहेत. महाविद्यालयांच्या लघुपट स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो तेव्हा प्रेमावरचे चित्रपट सर्वांत जास्त येतात, आणि त्यांतले बहुतेक अपघातानं, आजारानं किंवा मुलीचं लग्न दुसरीकडे ठरल्यानं संपतात. तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. एकदा, एकाच चित्रपटापुरतं, हे तिन्ही बाहेर ठेवा. दोन माणसांना एका टेबलाशी बसवा, त्यांचं जमू द्या, मनापासून जमू द्या, आणि मग त्यांच्या मध्ये काय उरलं ते कुणाचीही बाजू न घेता दाखवा. असा चित्रपट कुणी केलात तर मला जरूर कळवा. मी तो पाहायला येईन, आणि संपल्यावर बोलायलाही थांबेन.